काचपेटी क्रमांक सात

चार इमारती, चार किल्ल्या, चार कुलपांचे चार स्वभाव
आणि मधून वाहणारी एमायगी,
नावातच माय असलेली, मार्चअखेरपर्यंत गोठलेली.
विद्यापीठ म्हणालं, यंदा सगळ्यांनी मिळून
एकच प्रदर्शन मांडा.
एकच!
आवळ्याभोपळ्याची मोट, आणि गाठ मारायला मी,
हेंडो, पितळी तारेचे आधार वाकवणारा.
अठ्ठावीस वर्षं मी वस्तूंना उभं करतोय
आणि तार कुणाला दिसली
तर ती माझी चूक.

वाइके दप्तरखान्यातून वही घेऊन आली,
ओलेत्या बाळासारखी दोन्ही हातांवर.
हिला ओलावा पन्नास टक्के, उजेड मेणबत्तीएवढा.
हेल्वेनं औषधी तराजूची लोखंडी वजनं आणली.
यांना कोरडं हवं, गंजली तर तुम्ही जाणे.
उर्मासच्या डबीत कापूस, कापसात अंडं.
याला काहीच नको, तो म्हणाला,
फक्त कुणी शिंकू नका.

मग आठवडाभर भांडण.
कुणाचं नाव आधी, कुणाचा शिक्का मोठा,
साठ शब्दांच्या पाटीत कुणाचे किती शब्द.
शनिवारी वाइके रडली, पण ते वहीपासून लांब जाऊन,
दारात, कोटाच्या बाहीत.
ओलाव्याचं तिला कळतं.

सोमवारी मी वहीचा कोन मोजत होतो.
कुठलं पान उघडं ठेवायचं ते ठरलं नव्हतं.
वाइके पानं उलटत जर्मन वाचत होती,
मोठ्यानं, माझ्यासाठी, मला जेमतेम येते म्हणून सावकाश:
सहा जून. वारा पश्चिमेचा. पाणी साडेचौदा अंश.
प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी पोर, टीऊ,
लव्हाळ्यातून पाणडुबीचं अंडं घेऊन आली.
तीन कोपेक दिले. घेईना.
पिल्लू कधी निघेल, एवढंच विचारत राहिली.
सात जून. वारा नाही.

उर्मासनं डबी उलटी केली.
तळाशी शाई, तपकिरी झालेली:
पाणडुबी, सहा जून, तेच साल.
देणाऱ्याचं नाव: अज्ञात.

कुणी काही बोललं नाही.
हेल्वेनं आपली वजनं उचलली, न सांगता,
आणि शेजारच्या पेटीत नेऊन ठेवली.
जागा झाली.

अंडं पांढरं नाही, चहाच्या डागासारखं आहे.
पाणडुबी ओलं शेवाळ पांघरून ठेवते त्यावर,
तो रंग एकशे तीस वर्षं टिकलाय.
पोटाशी भोक, टाचणीएवढं.
तिथून कुणीतरी नीट, निगुतीनं,
टीऊच्या प्रश्नाचं उत्तर
फुंकून बाहेर काढलं होतं.

पाटीचं म्हणाल तर समितीनं ऐकलं नाही.
छपाई झाली होती, एकसष्टावा शब्द बसेना.
मी तार वाकवली. वेटोळं जरा रुंद केलं,
लव्हाळ्याच्या घरट्यासारखं,
पहिल्यांदाच, दिसेल असं.
वाइकेनं पाहिलं. माझी चूक तिनं कुणाला सांगितली नाही.

उद्घाटनाला कुलगुरू बोलले, महापौर बोलले,
खारवलेल्या माशांचे तुकडे काळ्या पावावर फिरले.
लोक सोन्याच्या पदकापाशी थांबले,
मग कवटीपाशी.
सातव्या पेटीपाशी एक सफाईवाली बाई,
बोटावर पाण्यानं पडलेल्या सुरकुत्या,
काच पुसायला आली आणि पुसत राहिली,
पुसून झाल्यावरही.

ऑक्टोबरात सगळं मोडलं.
चार गाड्या, चार पावत्या.
वही पुलापलीकडे गेली, अंडं टेकडीवर.
डबीवर अज्ञात खोडायला अर्ज लागतो,
उर्मासनं केलाय, उत्तर यायचंय.

पेटीतलं करडं फेल्ट मी फेकलं नाही.
त्यावर दोन खळगे आहेत,
एक चौकोनी, एक गोल, मध्ये चार बोटांचं अंतर.
माझ्या कामाच्या टेबलावर पसरलंय ते.
हातोडी ठेवताना
मी गोल खळगा टाळतो.